आंब्याखालच्या वाफ्यात रानहळद : दोन पावसाळ्यांच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२३

पुण्यातील आमच्या घराच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, जुन्या आंब्याखाली सुमारे तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी जागा कित्येक वर्षे मोकळी पडून आहे. गुलाब, शेवंती, सदाफुली यांपैकी काहीही तेथे टिकलेले नाही. या वर्षी तेथे सह्याद्रीच्या जंगलात सावलीतच वाढणारी रानहळद लावायची असे ठरवले आहे. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला झाडांच्या बुंध्यांशी, हिरव्या पानांतून वर आलेली तिची गुलाबी शेंड्याची कणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या निवडीचे कारण सांगावे लागणार नाही.

आज जागा खणून पाहिली. वरचे पंधरा सेंटिमीटर पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेले आहेत, परंतु त्याखाली चिकट काळी माती आहे. खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतले आणि वेळ पाहिली, तर पाणी पूर्ण जिरायला पावणेतीन तास लागले. घाटातल्या ज्या उतारांवर ही वनस्पती वाढते, तेथे पाऊस पुण्याच्या कितीतरी पट पडतो, पण पाणी थांबत नाही. म्हणून वरच्या थरात लाल माती, भरड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात मिसळून भरली. माती आणि वाळू वाहतुकीसह १,८०० रुपयांना पडली आणि या कामात दोन रविवार गेले. खालची काळी माती मात्र मी तशीच राहू दिली. ती चूक किती मोठी होती हे पुढे लिहिले आहे.

१९ मार्च २०२३

एका रोपवाटिकेतून ‘रानहळद’ म्हणून दहा कंद आणले. प्रत्येकी ८० रुपये, एकूण ८०० रुपये. कंद चांगले टणक आहेत आणि अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आहेत. हळकुंडांसारखे फाटेही फुटलेले दिसतात. ओलसर वाळूत न ठेवता कोरड्या पोत्यावर सावलीत पसरून ठेवले आहेत.

२ एप्रिल २०२३

मुळशी तालुक्यातील एका मित्राच्या वडिलोपार्जित जमिनीवर, घरापर्यंतच्या रस्त्यासाठी उताराचा एक भाग कापला जाणार आहे. तेथे रानहळदीची दाट वस्ती होती. एप्रिलमध्ये जमिनीवर तिचे नामोनिशाण नसते, त्यामुळे मित्राने गेल्या सप्टेंबरमध्ये, झाडे फुलावर असतानाच, प्रत्येक ठोंबाशेजारी चुना लावलेला दगड ठेवला होता. त्या दगडांच्या आधाराने आज आम्ही चौदा कंद काढले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. हे कंद मालकी हक्काच्या जमिनीतून, नष्ट होणार असलेल्या जागेतून, मालकाने स्वतः दिलेले आहेत. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्यातून काढणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार. कायदा बाजूला ठेवला तरी, चार पर्यटकांनी चार कंद उपटले की रस्त्याकडेची एक वस्ती संपते. मूळ वस्ती जिवंत असेल आणि तिला धोका नसेल, तर तिला हात लावू नये.

मुळशीचे कंद रोपवाटिकेच्या कंदांपेक्षा फारच वेगळे दिसतात. मुख्य गड्डा लहान, अंडाकृती, साधारण सुपारीहून थोडा मोठा आहे. हळकुंडे जवळजवळ नाहीतच. मात्र गड्ड्यापासून निघालेल्या मुळांच्या टोकांना बदामाच्या आकाराच्या फिकट, रसरशीत गाठी लोंबत आहेत. एका कंदाला अशा सात गाठी मोजल्या.

घरच्या हळदीचे बेणे निवडताना आपण मुळ्या छाटून गड्डा स्वच्छ करतो, त्याच सवयीने मी चौदाच्या चौदा कंदांच्या मुळ्या गाठींसकट कापून टाकल्या. त्या गाठी म्हणजे वनस्पतीचा पाण्याचा आणि अन्नाचा साठा होता, हे मला तेव्हा कळायला हवे होते. ज्या वनस्पतीला वर्षातले सहा-सात महिने जमिनीखाली पानांवाचून काढायचे असतात, तिची शिदोरीच मी काढून घेतली. कंद साधारण सहा सेंटिमीटर खोल, डोळे वर ठेवून, तीस सेंटिमीटर अंतराने लावले.

३० मे २०२३

वाईट बातमी आहे. एप्रिल आणि मे महिन्यांतल्या उन्हाच्या भीतीने मी वाफ्याला एक दिवसाआड पाणी देत राहिलो. आज एकही कोंब दिसत नाही म्हणून मुळशीच्या ओळीचे कंद उकरून पाहिले. चौदांपैकी पाच पूर्ण कुजले होते. बोटाने दाबल्यावर साल फाटून आतून तपकिरी, दुर्गंधीयुक्त लगदा बाहेर येत होता. उरलेल्या नऊंपैकी तिघांच्या कडेला मऊ डाग होते.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मे महिन्यात जमीन तापलेली असते, कंद झोपेत असतो, आणि पाणी ओढून घ्यायला त्याला पाने नसतात. दिलेले पाणी खालच्या काळ्या मातीवर अडून राहते आणि कोमट ओल्या मातीत कंदकूज फोफावते. घाटातल्या उतारावर याच दिवसांत माती भेगाळलेली असते आणि कंद तेथे सुखरूप राहतो.

डाग असलेला भाग निरोगी गर दिसेपर्यंत धारदार सुरीने कापला. दर कापानंतर सुरी उकळत्या पाण्यात बुडवली. नऊही कंदांना ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची) भुकटी चोळून (एक किलोचे पाकीट १८० रुपये) सावलीत कोरड्या वर्तमानपत्रावर पसरले आहेत. वाफ्याचे पाणी बंद केले आहे.

८ जून २०२३

कापलेल्या जागा सुकून त्यांवर खपली धरली आहे. नऊ कंद पुन्हा लावले. आता पाऊस येईपर्यंत पाणी द्यायचे नाही.

२७ जून २०२३

या वर्षी पाऊस लांबला. २५ जूनला मोसमी पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले, आणि आमच्याकडेही त्याच सुमारास पहिली चांगली सर आली. त्याआधीचे तीन आठवडे कोरड्या वाफ्याकडे पाहत काढले. पाण्याची झारी उचलण्याचा मोह तीन-चार वेळा झाला, पण आवरला.

१४ जुलै २०२३

मुळशीच्या नऊपैकी सात कंदांना कोंब आले आहेत. उरलेले दोन उकरले, त्यांचे डोळेच मेलेले होते. कोंब बारीक आहेत. पहिली पाने जेमतेम वीतभर.

रोपवाटिकेच्या दहापैकी आठ कंद मात्र जोमाने वर आले आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक पानावर मधल्या शिरेलगत जांभळट-तपकिरी पट्टा आहे. तो पाहिल्यावर शंका उरली नाही. हा कचोरा, म्हणजे हळदीचीच एक वेगळी जात आहे. असा पट्टा कचोऱ्याच्या पानावर असतो, काळ्या हळदीच्याही पानावर असतो, परंतु मला हवी असलेल्या रानहळदीचे पान सरसकट हिरवे असते.

रोपवाटिकेत जाऊन विचारले, तेव्हा मालकांनी शांतपणे सांगितले की त्यांच्याकडे यालाच रानहळद म्हणतात. त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही. मराठीत ‘रानहळद’ हे नाव एकाहून अधिक रानटी हळदींना लावले जाते आणि एकाच वनस्पतीला गावागणिक वेगळे नाव असते. मला हवी असलेली वनस्पती काही भागांत शिंदळवण म्हणून ओळखली जाते. म्हणून विकत घेताना शास्त्रीय नावानेच मागावे : कर्क्युमा स्यूडोमोंटाना. हे नाव जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ मध्ये दिलेले आहे आणि त्यातील ‘स्यूडो’ म्हणजे ‘मोंटाना’ या दुसऱ्या हळदीशी गल्लत होईल अशी. गल्लत होण्याचा इशारा नावातच असताना मी केवळ पाटी वाचून ८०० रुपये दिले. शक्य असेल तर फुलावर असलेले रोपच पाहून घ्यावे, म्हणजे ऑगस्टमध्ये निवडावे आणि कंद उन्हाळ्यात आणावेत.

कचोऱ्याची आठही रोपे कुंपणाकडेला हलवली. ती तेथे उत्तम वाढत आहेत.

२६ ऑगस्ट २०२३

ऑगस्टभर पाऊस जवळजवळ नाही. (पुढे हवामान विभागाने जाहीर केले की देशभराचा विचार करता १९०१ पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.) रानहळदीची पाने दुपारी कडांकडून आत वळून नळीसारखी होतात आणि संध्याकाळी उघडतात. मे-जूनमध्ये पाणी न देण्याचा धडा आता उलटा लागू करावा लागला, कारण पाने असलेल्या रोपाला या दिवसांत ओल सतत हवी असते. दर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, आणि मातीवर आंब्याच्या वाळक्या पानांचा चार बोटे जाड थर. आंब्याची अख्खी पाने एकमेकांवर चिकटून पाणी आत जाऊ देत नाहीत, म्हणून ती पोत्यात घालून काठीने चुरून मगच पसरावीत.

१७ सप्टेंबर २०२३

एकही फूल नाही. सातही रोपे हिरवी आहेत, पाने गुडघ्याएवढी उंच आहेत, परंतु कणीस कुठेच नाही. मुळशीला मित्राकडे, कापलेल्या उताराच्या वरच्या अंगाला, याच वयाच्या झाडांना दोन आठवड्यांपूर्वी भरघोस कणसे होती.

आजचा पूर्ण दिवस मी वाफ्यापाशी बसून सावलीची नोंद केली. सकाळी सात ते संध्याकाळी सहा या वेळात, अर्ध्या अर्ध्या तासाने, जमिनीवर किती ऊन पडते ते पाहिले. संपूर्ण दिवसात वाफ्यावर उन्हाचा एक कवडसा फक्त वीस मिनिटे आला, तोही एका कोपऱ्यात. आंबा सदाहरित आहे आणि त्याची सावली बाराही महिने तशीच घट्ट राहते. रानहळद जेथे मुबलक आढळते ती जंगले बहुतांशी पानगळीची किंवा अर्धवट सदाहरित असतात, किंवा उताराच्या कडेला, वाटेच्या काठाला मोकळी झालेली असतात. पहिल्या पावसात झाडांची पालवी अजून पुरती दाटलेली नसते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रानहळदीची पाने वाढून घेतात. मी ‘सावलीतील वनस्पती’ हे शब्द ऐकले आणि तिला घरातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवले. सावली आणि अंधार यांतील हा फरक ओळखायला एक हंगाम गेला.

याच दिवशी एका रोपाचे मधले पान सुकलेले दिसले. ओढताच ते सहज हातात आले. देठाच्या बुडाशी छिद्र होते आणि त्याभोवती भुशासारखी विष्ठा चिकटली होती. ही शेतातल्या हळदीवर येणारी खोड पोखरणारी अळीच होती. तो कोंब बुडापासून कापून आतल्या अळीसह जाळला आणि बाकी रोपांवर पाच टक्के निंबोळी अर्क दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारला. पुढे त्या रोपाला बाजूने नवा कोंब आला.

१९ नोव्हेंबर २०२३

पाने पिवळी पडून आडवी झाली आहेत. घरच्यांना वाफा विस्कटलेला वाटतो आणि पाने कापून टाकावीत असा आग्रह आहे, परंतु मी नकार दिला आहे. पिवळ्या पडणाऱ्या पानातले अन्न या दिवसांत कंदात आणि मुळांवरच्या गाठींत उतरत असते. पूर्ण वाळून आपोआप सुटल्यावरच पान उचलायचे. पाणी आजपासून बंद.

२१ जानेवारी २०२४

माझ्या गैरहजेरीत माळीकाकांनी मोकळी दिसणारी जागा पाहून कुदळ चालवली. दोष त्यांचा नाही. मी खुणेसाठी लावलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरची शाई उन्हाने उडून गेली होती आणि निम्म्या पट्ट्या पालापाचोळ्याखाली दबल्या होत्या. दोन कंद तुटले. त्यांतला एक ट्रायकोडर्मा लावून वाचला, दुसरा सुकला. सहा उरले. काकांनी सांगितलेला उपाय माझ्या पट्ट्यांपेक्षा फारच चांगला आहे : प्रत्येक कंदाभोवती अर्ध्या विटांचे कडे, निम्मे जमिनीत गाडलेले. कुदळ आधी विटेला लागते.

१० मार्च २०२४

जागा बदलायचे ठरवले. आंब्याच्या फांद्या छाटणे हा दुसरा मार्ग होता, परंतु झाड मोहरावर आहे आणि छाटल्याने फार तर एक-दोन वर्षे प्रकाश मिळेल. त्याऐवजी वाफाच अडीच मीटर पूर्वेला, फांद्यांच्या टोकांखाली सरकवला. येथे सकाळी साडेसात ते दहापर्यंत तिरपे ऊन येते आणि त्यानंतर दिवसभर विरळ सावली असते.

या वेळी काळ्या मातीवर माती पसरली नाही. आधी वीस सेंटिमीटर काळी माती उचलून काढली, तळाशी विटांचे तुकडे आणि जाड खडी भरली, त्यावर जुन्या वाफ्यातले मिश्रण घातले आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केला. पाण्याची तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा बादलीभर पाणी अकरा मिनिटांत जिरले. मजुरी ९०० रुपये. बागेच्या ठिबकाची जी नळी उन्हाळ्यातही या बाजूला पाणी टाकत असे, ती वळवून घ्यायला आणखी ३५० रुपये.

१८ मे २०२४

सहा ठोंब काढले. त्यांतून नऊ कंद मिळाले, आणि प्रत्येकाला गाठी आहेत. सर्वांत मोठ्याला अकरा. या वेळी एकही मुळी तोडली नाही. प्रत्येकासाठी रुंद खड्डा केला, मधोमध मातीचा लहान उंचवटा करून त्यावर गड्डा बसवला आणि गाठी चहूबाजूंनी खाली सोडल्या. वरून बोटांनीच माती लोटली, कारण गाठीचा देठ काडीसारखा कडक्कन तुटतो. एका कंदाला अर्धा तास लागला, पण तो सत्कारणी लागला असे वाटते. पाणी दिलेले नाही.

१६ जून २०२४

या वर्षी पाऊस वेळेआधी आला. नऊपैकी आठ कोंब जमिनीवर आहेत. गेल्या वर्षी कोंब पेन्सिलीएवढे होते, या वर्षी अंगठ्याएवढे आहेत.

२६ जुलै २०२४

काल पुण्यात अतिवृष्टी झाली, सिंहगड रस्त्याच्या सखल भागांत घरांत पाणी शिरले. आमच्याकडे नुकसान नाही. पाऊस थांबल्यावर तासाभरात नवा वाफा निथळला होता. जुन्या जागेत आजही डबके आहे. जुन्या जागी कंद राहिले असते तर आज मी पुन्हा कूज निपटत बसलो असतो.

३ ऑगस्ट २०२४

सकाळी सव्वासातला पाहिले. सर्वांत मोठ्या ठोंबाच्या शेजारून, पानांच्या झुबक्याच्या बाहेर, जमिनीतून थेट एक कणीस वर आले आहे. उंची साडेतेरा सेंटिमीटर. खालची छदे (फुलांखालची पानांसारखी आवरणे) हिरवी, एकमेकांना चिकटून झालेल्या छोट्या वाट्यांसारखी, आणि त्या वाट्यांत रात्रीच्या पावसाचे पाणी साचलेले. वर जाताना हिरवा रंग फिकट होत जातो आणि शेंड्याची छदे गुलाबी-जांभळी आहेत. लांबून फूल वाटते तो हाच शेंडा असतो. खरी फुले खालच्या हिरव्या वाट्यांतून डोकावणारी, पिवळीधमक आणि नखाएवढीच. आज दोन उमलली आहेत. एक लहान मधमाशी आत शिरली आणि पाठीला परागकण माखून मागे मागे सरकत बाहेर आली.

मी तेथे बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. दीड वर्षात इतक्या लक्षपूर्वक काही पाहिल्याचे आठवत नाही.

१ सप्टेंबर २०२४

एकूण तीन ठोंबांना चार कणसे आली. पहिली दोन बाजूने, जमिनीतून आली होती, नंतरची दोन पानांच्या मधून. ही वनस्पती हंगामाच्या सुरुवातीला आणि उत्तरार्धात अशा दोन वेगळ्या जागांहून फुलते, त्यामुळे मधल्या कणसाला वेगळी जात समजू नये. एक फूल दिवसभर टिकते, पण कणसाचा गुलाबी शेंडा तीन आठवडे ताजा राहिला.

गोगलगायींनी एका कणसाची छदे कुरतडली. विषारी गोळ्या वापरल्या नाहीत, कारण वाफ्यात बेडूक आहेत. चार रात्री विजेरी घेऊन वेचल्या. पहिल्या रात्री एकतीस, चौथ्या रात्री तीन.

२४ नोव्हेंबर २०२४

पाने पुरती वाळली आणि उचलली. एकाही कणसात बी धरले नाही. नववा कंद शेवटपर्यंत उगवला नाही. उकरला तेव्हा गड्डा टणक होता, म्हणून तसाच पुरून ठेवला आहे. आतापर्यंतचा खर्च ४,०३० रुपये झाला. त्यांतले ८०० चुकीच्या कंदांवर आणि १,८०० मधला बराचसा भाग दोनदा कराव्या लागलेल्या वाफ्यावर गेला. खडी आणि विटा घरच्याच होत्या.

प्रत्येक ठोंबाभोवती विटांचे कडे बसवले आहे. ठिबकाच्या वळवलेल्या नळीला गाठ मारून ठेवली आहे, म्हणजे उन्हाळ्यात कोणी चुकून तोटी उघडली तरी या बाजूला पाणी येणार नाही. मित्राच्या घरापर्यंतचा रस्ता झाला आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला मोकळा उतार उरला आहे. मे महिन्यात ठोंब फुटलेले असतील, तर त्यांतले दोन कंद गाठींसकट तेथे नेऊन लावायचे आहेत.